हिरवी राहिलेली जागा

१

त्यांच्या गल्लीत नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी यायचं, आणि तेवढ्यापुरताच नरेंद्र गच्चीवर जायचा. जिना चढायचा, टाकीचं झाकण सरकवायचा, पाण्याचा घुमणारा आवाज बारीक होत वर आला की वाल फिरवायचा आणि उतरायचा. इकडेतिकडे पाहायचं नाही असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. वर्षभरात ते अंगवळणी पडलं होतं.

मानोऱ्यातल्या एका हायस्कुलात तो प्रयोगशाळा सहायक होता. वय बावन्न. मुलगी धम्मदीपा अकोल्याला शेतकी कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. बायको तनुजा मागच्या मे महिन्यात गेली. याच गच्चीवर, भर दुपारी, ऊन लागून.

पूर्वेच्या कठड्याला लागून तिचे सात निवडुंग होते. फांदी नाही, पान नाही, रंगाच्या मोठ्या बादल्यांमधून खांबासारखे सरळ वर गेलेले. नऊ वर्षांत माणसाच्या उंचीला आले होते. प्रत्येक बादलीवर तिने गेरूचा एक ठिपका काढला होता, आणि तो ठिपका कायम मावळतीकडे असायचा.

"ज्या बाजूनं ऊन खाल्लं तीच बाजू उन्हाले द्यायची," ती सांगायची. "तिकडची कातडी निबर झाली असते. फिरवलं की कवळी बाजू भाजते. आन् याची भाजलेली कातडी पुन्हा येत नाही. मानसासारखं नाही हे."

मार्चमध्ये एका सकाळी पाणी भरताना नरेंद्रची नजर चुकून त्या रांगेवर गेली. सातही खांब मावळतीच्या अंगाने करपलेले, तपकिरी, लाकडासारखे कडक. त्याला तनुजाचा गाल आठवला. जी बाजू उघडी राहिली होती, तो गाल. त्याने वाल तसाच सोडला, बादल्या एकेक करून अर्ध्या फिरवल्या, हिरवी बाजू जिन्याकडे, म्हणजे मावळतीला, केली आणि खाली आला. टाकी भरून वाहत होती ते शेजाऱ्यांनी सांगितल्यावर कळलं.

२

मे लागला आणि दीपा बॅग घेऊन दारात उभी राहिली. परीक्षा अजून संपायची होती.

"पेपर?" त्याने विचारलं.

"सोडून आली मी." तिने बॅग ठेवली. "चहा मांडू का तुमाले?"

त्यांच्या घरात एक वर्षापासून असंच चाललं होतं. मोठी गोष्ट समोर आली की मध्ये चहा यायचा.

तनुजा गेल्यापासून दीपा वर गेली नव्हती. त्या संध्याकाळी ती गेली, आणि थोड्याच वेळात वरून हाक आली. नरेंद्र चपला न घालताच धावला. फरशी अजून तापलेली होती.

"बाबा, ह्या बादल्या कोनं फिरवल्या?"

"मी."

"काहून?"

दीपा खाली बसली. खांबांची जी बाजू मार्चमध्ये हिरवीगार होती ती आता गवताच्या काडीसारखी पिवळी पडली होती. मधोमध तपकिरी चट्टे, कागदासारखे कोरडे. तिने नखाने टोकरलं. खरखर असा आवाज आला.

"आता हे असंच राहीन. जनमभर." मग ती उठली आणि एकदम थांबली. "पन हे कसं काय वाचलं?"

चौथ्या खांबावर, तिच्या कपाळाच्या उंचीला, वीतभर जागा हिरवी होती. नुसती हिरवी नव्हे, ताजी. वर भाजलेलं, खाली भाजलेलं, आणि मधल्या जागेची कड कात्रीने कापल्यासारखी साफ.

"इथं काही वाळत घातलं होतं का तुमी?"

"दोरी खाली घेतली ना मी मागंच. आंगनात."

"मंग टाकीची सावली पडत असन," दीपा म्हणाली. टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात होती, चौथ्या खांबापासून बरीच लांब. दोघांनीही तिकडे पाहिलं, आणि दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

३

नरेंद्रच्या वडिलांचं, देवमनचं, एक वाक्य होतं: देव सोडला तेव्हाच भूतही सोडलं, आता मागं वळून पाहायचं नाही. नरेंद्र त्याच वाक्यावर वाढला होता. शाळेत पोरं घाबरली की तो त्यांना मोजायला लावायचा. अंतर मोजा, वेळ मोजा, भीती कमी होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने खडू घेतला. दुपारी एकपासून पाचपर्यंत दर अर्ध्या तासाने वर जाऊन टाकीची सावली आखली, कठड्याची आखली, जिन्याच्या खोलीची आखली. निवडुंगांवर सावलीची जाळी बांधायला तनुजाने दोन लोखंडी पाइप रोवून घेतले होते, एक टाकीपाशी, एक उत्तरेच्या टोकाला. त्यांच्याही सावल्या आखल्या. ऊन इतकं होतं की खडूच्या रेघेकडे पाहताना डोळ्यांत पाणी यायचं.

एकही सावली चौथ्या खांबापर्यंत वेळेत पोहोचत नव्हती. जिन्याच्या खोलीची पोहोचायची, पण साडेचारनंतर, तीही सगळ्या रांगेवर सारखी. दोन ते चार, जेव्हा खांब भाजतात, तेव्हा त्या सात खांबांच्या आणि सूर्याच्या मध्ये काहीही नव्हतं.

आखणी करताना त्याला आणखी एक दिसलं. तिसऱ्या खांबावरही हिरवी जागा होती, जरा खाली. पाचव्यावरही. सहाव्यावर आडवी, चार बोटं रुंद.

रोगाचा प्रकार असेल, त्याने स्वतःला सांगितलं. रोगाच्या उलट. न होणाऱ्या रोगाचा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकापाशी समोरचे दौलतसिंग भेटले. एसटीतून रिटायर झालेले चालक, दिवसभर ओसरीत खाट टाकून गल्लीवर नजर ठेवायचे.

"काय सर, तपश्चर्या चालू आहे म्हनता?"

"कायची?"

"वर उन्हात उभं राह्याची हो. आमी सत्तेचाळीस डिग्रीत गाडी चालोली, पन डोक्याले दुपट्टा असे. तुमी तं उघड्या डोक्यानं."

नरेंद्र कसाबसा हसला. "काल मोजमाप करत होतो थोडं."

"कालचं नाही म्हनत मी. काल तं तुमी खालीवर खालीवर करत होते, मांजरासारखे. मी सोमवारचं सांगून राह्यलो. तासभर एका जागी. मी हात केला, पाह्यलं बी नाही तुमी."

सोमवारी नरेंद्र पेपर तपासणीच्या गठ्ठ्यांसोबत वाशिमला होता. सकाळच्या गाडीने गेला, दिवे लागल्यावर आला. दीपा तर त्यानंतर आली.

"जाळीमागं होते ना," दौलतसिंग म्हणाले, "म्हनून चेहरा नाही दिसला."

"जाळी कुठं लावली आहे दौलतभाऊ?"

दौलतसिंगांनी मान वर करून गच्चीकडे पाहिलं. पाइप उघडे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उतरवली असन तुमी," ते म्हणाले, आणि दुपट्टा झटकत घरात गेले.

४

तो जवळून पाहत होता, म्हणून त्याला दिसत नव्हतं.

चार दिवसांनी पाणी आलं. वाल फिरवून तो जिन्याच्या दारात आला, चप्पल अडकली म्हणून वळला, आणि तिथून, दहा पावलांवरून, सातही खांब एकदम दिसले.

लाकडी फळ्यांच्या कुंपणावर कोणी रंग मारावा तसं होतं ते. सगळी रांग तपकिरी, आणि त्या तपकिरीत मधोमध हिरवं. चौथ्या खांबावर डोकं. त्याला चिकटून तिसऱ्यावर लहान गोळा, मानेवर घट्ट बांधलेल्या अंबाड्यासारखा. खाली तिसरा, चौथा, पाचवा मिळून खांदे आणि अंग. आणि सहाव्यावरून सातव्यावर गेलेली आडवी पट्टी, टोकाला जराशी वर उचललेली. हात. काहीतरी ताणून धरलेला हात.

कोणीतरी त्या रांगेपुढे, बाजूला तोंड करून, रोज, तासन्‌तास, एकाच पवित्र्यात उभं राहिलं होतं, आणि तेवढीच जागा उन्हातून सुटली होती.

नरेंद्रने दाराची पत्र्याची चौकट धरली. चटका बसला तरी हात काढला नाही. डोळ्यांना सवय असते, तो मनाशी म्हणाला, ढगात हत्ती दिसतो, भिंतीच्या ओलीत चेहरा दिसतो. मेंदू जोडतो. पण मेंदू उंची जोडत नाही. तो पुढे गेला, चौथ्या खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि हाताने मोजलं. हिरवं डोकं त्याच्या हनुवटीपर्यंत येत होतं. तनुजाचं डोकं त्याच्या हनुवटीपर्यंत यायचं.

त्याने बादल्यांना हात लावला. फिरवून टाकाव्या, ठिपका पुन्हा मावळतीकडे करावा, दिसणार नाही. पहिली बादली हलली. दुसरी हलली. तिसरी, चौथी, पाचवी जागची हलली नाही. मार्चमध्ये याच बादल्या त्याने एका हाताने फिरवल्या होत्या.

५

त्या रात्री जेवताना दीपाने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

"बाबा, एक सांगू का? रागावू नोका."

कोपऱ्यात बुद्धाच्या मूर्तीशेजारी तनुजाचा फोटो होता. दीपा त्याच्याकडे पाहत नव्हती, म्हणजे त्याच्याशीच बोलत होती.

"मी फोन केला होता आईले. त्या दिवशी, साडेअकराला. म्हनलं, आज पंचेचाळीसच्या वर जाऊन राह्यलं, झाडाईले जाळी लाव, नाही तं भाजतीन. ती म्हने, संध्याकाळी लावतो. मी म्हनलं, संध्याकाळी काय फायदा? आत्ताच लाव." तिने तुकडा ताटात ठेवला. "मी नसतं म्हनलं तं ती गेलीच नसती. पेपरात पयलाच प्रश्न आला उन्हाचा पिकावर होनारा परिनाम. मी उठून आली बाबा. मले पुस्तक धरवत नाही."

नरेंद्रच्या घशाशी एक वाक्य आलं. ते वर्षभर तिथेच होतं.

त्या दुपारी तो कूलरसमोर आडवा झाला होता. सव्वाबाराच्या सुमाराला जिन्यावरून तनुजाची हाक आली, "दीपाचे बाबा, या न वर. एक टोक धरा." ती जाळी लांबलचक; भाजीच्या रोपांवर घालतात तसली हिरवी. एकट्याला ताणता येत नाही, वारा उडवून नेतो. तो म्हणाला, "आलो. पाच मिनिटं." थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. तो पुन्हा तेच म्हणाला. जागा झाला तेव्हा पावणेतीन झाले होते. वर ती खांबांपाशी पडली होती, अर्ध्या अंगावर जाळी, आणि जाळीची दोरी सुटू नये म्हणून मनगटाला दोन वेढे दिलेली. मरताना ती हातच सोडवत होती की काय, हे त्याने डॉक्टरला विचारलं नव्हतं.

लोकांना त्याने सांगितलं, कूलरच्या आवाजात ऐकू आलं नाही. सगळ्यांना ते पटलं. कूलरचा आवाज मोठाच होता.

आता समोर पोर बसली होती, आणि तिच्या पाठीवरचं ओझं त्याचं होतं. एक वाक्य बोललं की उतरलं असतं.

"तुह्या फोननं काही झालं नाही," तो म्हणाला.

"मंग कायनं झालं?"

वर, छताच्या पलीकडे, काहीतरी घासत गेलं. कापड फरशीवरून ओढावं तसं, उत्तरेकडून दक्षिणेकडे. दोघांनी वर पाहिलं.

"वारा," नरेंद्र म्हणाला. "चहा मांडतो."

६

वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली लपते. त्यांच्याकडे पहिली वेळ मेच्या तिसऱ्या आठवड्यात. दीपा लहान असताना तो तिला गच्चीवर नेऊन स्टीलचा गिलास उलटा ठेवून दाखवायचा. सव्वाबाराला गिलासाभोवतीची सावली आत शिरायची, आणि दीपा दचकून आईला चिकटायची. "सावली गेली कुठं?" तनुजा म्हणायची, "जेवाले."

तनुजा गेली ती त्याच दिवशी.

यंदा तो दिवस आला. सकाळी दोघांनी फोटोसमोर मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. शेजारपाजारचे येऊन गेले. अकराला घर रिकामं झालं. कूलर सुरू करून नरेंद्र खुर्चीत बसला. आडवा व्हायचं नाही, असं ठरवून बसला. झोप लागली नाही, हे तो पुढे शपथेवर सांगू शकला असता. डोळे उघडे होते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्याला दिसत होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी आतल्या खोलीतून दीपाचा आवाज आला. "हाव, आली!"

जिन्यावर तिची पावलं वाजली.

त्याने तिला हाक मारली नव्हती.

एवढी गोष्ट समजायला त्याला किती वेळ लागला? जिन्याखालच्या कोनाड्यात जाळीची घडी असायची. तो कोनाड्यापाशी पोहोचला तेव्हा तो रिकामा होता, धूळ पुसली गेली होती. तो दोन-दोन पायऱ्या चढला.

७

दारातून प्रथम फक्त पांढरं दिसलं. मग हिरवं.

जाळी ताणलेली होती. टाकीच्या पाइपापासून उत्तरेच्या पाइपापर्यंत, पडद्यासारखी, कुठे सुरकुती नाही. दक्षिणेच्या टोकाला दीपा उभी होती, त्याच्याकडे पाठ करून, दोरी मनगटाला गुंडाळून दोन्ही हातांनी ओढत. केस घामाने मानेला चिकटले होते.

"बाबा, घट्ट धरा," ती जाळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहून म्हणाली. "सोडू नोका. मी गाठ मारतो."

दुसऱ्या टोकाला पाइप होता, पण जाळी पाइपाला बांधलेली नव्हती. पाइपाच्या वीतभर अलीकडे ती एका जागी गोळा झाली होती, मुठीत धरल्यासारखी, आणि सगळ्या चुण्या त्या मुठीकडे गेल्या होत्या. जाळीमागे काहीतरी गडद होतं. गच्चीवर त्या क्षणी कशाचीच सावली नव्हती. पाइपाची नव्हती, टाकीची नव्हती, खांबांची नव्हती. फक्त तिथे, जाळीमागे, त्याच्या हनुवटीएवढ्या उंचीचं.

"दीपा," तो म्हणाला.

ती वळली. त्याला दारात पाहिलं. मग पुन्हा जाळीकडे. तिचा चेहरा त्याच्याने पाहवला नाही. तिने मनगट मागे ओढलं, पण दोरी रुतलेली होती, आणि पलीकडून हलकेच एक ओढ आली. जोराची नव्हे. कामातलं माणूस देतं तशी: धरलंस ना?

नरेंद्रने जाऊन दोरी धरली. पहिला वेढा उलगडता उलगडता तो बोलायला लागला.

"तिनं मले आवाज देला होता. या न वर, एक टोक धरा म्हने. दोन डाव. मले ऐकू आलं होतं दीपा. कूलरचं खोटं हाय. मी म्हनलं, आलो, पाच मिनिटं. आन् झोपलो."

दुसरा वेढा सुटला. दीपाच्या मनगटावर लाल वळ होते. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत वर्षभर जे होतं ते हळूहळू जागा सोडत होतं. त्या जागी काय येत होतं ते त्याला दिसलं. ते त्याचंच होतं, त्याला मिळायलाच हवं होतं.

"मी वर्षभर..." ती म्हणाली. "तुमी पाहून राह्यले होते बाबा. रोज. मी मरून राह्यली होती आन् तुमी चहा मांडत होते."

"जा," तो म्हणाला. "इथं उभी नोको राहू. पयले खाली जा."

ती गेली. पायऱ्यांवर पावलं, मग ओसरीत, मग फाटकाची कडी. मग गल्लीतून दौलतसिंगांचा आवाज, "काय झालं व माय? ये, इकडं सावलीत ये, पानी पे." दीपा सावलीत पोहोचली. तेवढं त्याला पुरे होतं.

तो जाळीकडे वळला. पलीकडची चुणी अजून तशीच होती. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, वर्षभराचं, पण त्याने तोंड उघडलं त्याच क्षणी मूठ सुटली. जाळी सैल पडली, उत्तरेचं टोक फरशीवर आलं, आणि मागे कोणीही नव्हतं. नुसते सात खांब. वारा उठला. जाळी शिडासारखी फुगली आणि दोरीला हिसका बसला.

तेव्हा त्याने पाहिलं की दोरी त्याच्या मनगटाला होती. दोन वेढे. त्याने कधी घेतले, कळलं नाही. दुसऱ्या हाताने सोडवायला गेला की वारा ओढायचा, वेढा आवळायचा. दुसरं टोक कोणीतरी क्षणभर धरलं असतं तर सुटलं असतं. फरशी तळपायांना चावत होती. डोक्यात बारीक घंटा वाजू लागली.

घर रिकामं आहे हे त्याला माहीत होतं. तरी माणूस हाक मारतोच. त्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"कोनी हाय का खाली? या न वर. एक टोक धरा."

खाली कूलर घरघरत होता. त्या घरघरीतून, आतल्या खोलीतून, झोपेने जड झालेला एका पुरुषाचा आवाज आला. ओळखीचा. इतका ओळखीचा की त्याला वाटलं आपणच बोललो.

"आलो. पाच मिनिटं."